सहा पेले आणि एक शपथ

आमच्या सांगलीच्या घरात 'दारू' हा शब्द कधी मोठ्याने उच्चारला जात नसे. दिवाळीत सारे गाव 'शोभेची दारू' म्हणते; आई तेवढेही म्हणत नसे. 'शोभेचे फटाके' म्हणून ती वेळ मारून नेई. याला कारण होते आमचे काका. काका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. गल्लीतल्या गणपतीचे डोळे रंगवावेत तर त्यांनीच. मला कविता मोठ्याने वाचायला शिकवली तीही त्यांनीच. आज मी मराठीचा प्राध्यापक म्हणून मिरवतो त्याचे मूळ त्यांच्या खोलीत आहे. पुढे काका देशी पिऊ लागले. आधी नोकरी गेली, मग काकूचे दागिने गेले आणि १९९४ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, काका स्वतःच गेले. तेराव्याच्या दिवशी आईने मला देवापुढे उभे केले आणि म्हणाली, "घशाखाली थेंब उतरू देणार नाही, म्हण." मी म्हटले. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. आज काकांच्या त्या वयाला येऊन पोचलो आहे.

शपथ अजून शाबूत आहे. आणि तरीही गेल्या दिवाळीच्या सुटीत फ्रान्समधल्या दिजाँ गावी, एका स्वयंपाकघरात बसून मी पाच प्रकारच्या तांबड्या वाइनची चव घेतली, एकमेकींशी त्यांची तुलना केली आणि त्यांना गुणही दिले! पाच वाइन असताना पेले सहा कसे, आणि शपथ असताना चव कशी, या दोन कोड्यांची उकल करण्यासाठी हा लेखप्रपंच.

तर झाले असे. माझी भाची दिजाँला शिकायला आहे. काय शिकते असे विचारले की आमच्या घरी उत्तर ठरलेले: "अन्नशास्त्र." उत्तर खोटे नव्हते, अर्धे होते. दसऱ्याच्या आधी एके रात्री तिचा फोन आला. "मामा, मी वाइनचं शिकते आहे. पुढच्या वर्षी परत येऊन दिंडोरीकडे द्राक्षांच्या भागात काम करायचं आहे. आजीला कुणीतरी सांगायला हवं. ते कुणीतरी म्हणजे तू. पण आधी इथे येऊन बघ आणि मग ठरव, सांगायचं की नाही."

न बघता निकाल देणे हे परीक्षकाच्या धर्माला सोडून आहे. चिवड्याचा आणि चकलीचा डबा घेऊन मी निघालो.

पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनातून वेगवान गाडी दीड-पावणेदोन तासांत दिजाँला आणून सोडते. गाव एके काळी बरगंडीच्या ड्यूकांची राजधानी होते, आणि त्याची मिजास अजून गेलेली नाही. ड्यूकांचा वाडा आहे. काही जुन्या इमारतींच्या छपरांवर पिवळ्या, हिरव्या, तांबड्या कौलांची नक्षी आहे. आमच्याकडे पैठणीवर काढतात ती हौस या लोकांनी छपरावर फेडून घेतली आहे! नोत्र-दाम चर्चच्या बाहेरच्या भिंतीत एक छोटे दगडी घुबड आहे. येणारा-जाणारा त्याला डाव्या हाताने स्पर्श करतो आणि मनात इच्छा धरतो. शतकानुशतके हात फिरून घुबडाचे नाकडोळे केव्हाच पुसले गेले आहेत. आपल्याकडे घुबड अशुभ आणि डावा हात त्याहून अशुभ. पण परक्या गावी गेल्यावर आपले शकुन-अपशकुन मुकाट्याने खिशात घालावेत. मीही डावा हात लावला. इच्छा कोणती धरली ते पुढे कळेलच.

दुसऱ्या दिवशी भाचीने मला बसने गावाबाहेर नेले. दिजाँपासून दक्षिणेकडे एक लांबलचक उतार धावत जातो. त्याचे नाव कोत दोर. ऑक्टोबर संपत आला होता, द्राक्षांची तोडणी महिनाभरापूर्वीच उरकली होती, आणि वेलींची पाने पिवळीधमक झाली होती. आमच्या तासगावकडची द्राक्षबाग म्हणजे डोक्यावरचा हिरवा मांडव. इथली वेल कमरेएवढी, कवायतीला उभ्या राहिलेल्या पोरांसारखी ओळीने उभी. उतार पूर्वेकडे तोंड करून बसला आहे, म्हणजे सकाळचे ऊन पहिल्यांदा त्याला. खाली चुनखडी आणि चिकणमाती. भाची सांगत होती, "उताराच्या अगदी वरची माती पातळ, अगदी खालची जाड आणि ओलसर, सर्वांत नामांकित बागा बहुतेक मधल्या पट्ट्यात." शंभर पावलांवर जात बदलते, दर्जा बदलतो आणि किंमत दसपट होते. अशा नाव असलेल्या १,२४७ तुकड्यांना इथे 'क्लिमा' म्हणतात. २०१५ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घातले.

वाटेत क्लो द वुजो लागले. दगडी कुंपणाच्या आत सुमारे पन्नास हेक्टरांची एकच बाग. सितो मठाच्या साधूंनी ती बाराव्या शतकापासून जोपासली. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीने मठाच्या जमिनी काढून घेतल्या, आणि आता त्या एका कुंपणाच्या आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. काही जणांच्या वाट्याला वेलींच्या चार-दोन ओळी. हे ऐकून मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. भाऊबंदकी आणि जमिनीची वाटणी या गोष्टी समजायला फ्रेंच यावे लागत नाही.

याच मुलखातली आणखी एक कथा पुढच्या प्रसंगाला लागणार आहे, म्हणून सांगून ठेवतो. इथल्या तांबड्या वाइनचे द्राक्ष पिनो न्वार. नाजूक, लहरी आणि पीक बेताचे. गामे नावाचे दुसरे द्राक्ष भरघोस पिकते, म्हणून शेतकरी ते लावू लागले. तेव्हा १३९५ साली ड्यूक फिलिप याने फर्मान काढले की गामे हे दुष्ट आणि बेइमान झाड असून ते उपटून टाकावे. बिचारे गामे दक्षिणेकडे बोजोलेच्या टेकड्यांवर गेले. तिथल्या ग्रॅनाइटच्या जमिनीत ते असे रमले की आज तो प्रांत त्याच्याच नावावर जगतो.

त्या संध्याकाळी भाचीच्या घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात बैठक बसली. मादाम निवृत्त शिक्षिका. भाचीने माझी ओळख करून देताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडे गुण कितीपैकी देतात?" मी म्हणालो, शंभरपैकी. त्या म्हणाल्या, आमच्याकडे वीसपैकी, आणि वीस सहसा कुणालाच मिळत नाहीत. एवढ्यावर आमचे गोत्र जुळले.

मी माझी शपथ सांगितली. भाचीने ती फ्रेंचमध्ये मांडली. मला वाटले, बाई आता दुखावणार. पण त्या उठल्या, कपाट उघडले आणि चिनी मातीचे एक मोठे भांडे आणून माझ्यापुढे ठेवले. पिकदाणी! "चव घेणारे सगळेच थुंकतात," भाची म्हणाली. "आमच्या वर्गात सकाळी वीस-पंचवीस नमुने असतात. गिळले तर दुपारी वर्गात कुणी उरणार नाही."

वाचकहो, जन्मभर मी कॉलेजच्या जिन्यात 'येथे थुंकू नये' ही पाटी वाचत आलो. थुंकणे हा विद्याभ्यासाचा भाग असू शकतो, हे मला शेहेचाळिसाव्या वर्षी कळले. शपथ होती घशाखाली उतरू न देण्याची. जिभेविषयी आईने काही म्हटले नव्हते. ही पळवाट आहे हे मलाही कळत होते. पण भाचीच्या आयुष्याचा प्रश्न होता आणि पाहिल्याशिवाय मी त्यावर बोलणार तरी काय?

मग रीतसर परीक्षा सुरू झाली. हा प्रकार घरच्या घरी करायला फारसे काही लागत नाही. पेले मात्र सगळे एकाच आकाराचे हवेत, पोट मोठे आणि तोंड लहान, म्हणजे वास आत कोंडून राहतो. ते तिसरा हिस्साच भरायचे. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर आकडे टाकायचे, आणि ते काम चव घेणाऱ्याने करायचे नाही. भाचीने ते आतल्या खोलीत केले. उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकून आसनक्रमांक ठेवतात ना, तोच न्याय. टेबलावर पांढरा कागद, प्रत्येकापुढे पेन्सिल, मध्ये साधा पाव आणि पाणी. माझ्या चकल्यांना परीक्षा संपेपर्यंत प्रवेश नव्हता. तिखटाने जीभ बधिर होते. लिहून होईपर्यंत बोलायचे नाही हा शेवटचा आणि सर्वांत कडक नियम, कारण एकाने 'वा' म्हटले की दुसऱ्याला आपोआप 'वाहवा' सुचते. हे मी कविसंमेलनांत पुष्कळ पाहिले आहे.

बाटल्या मादामनी थोडा वेळ खिडकीबाहेरच्या गारव्यात ठेवल्या होत्या. तांबडी वाइन खोलीच्या उष्णतेवर प्यावी असे म्हणतात. पण ती खोली जुन्या फ्रान्समधली, शेगडी नसलेली, पंधरा-सोळा अंशांची. आमच्या सांगलीच्या एप्रिलमधली नव्हे! आपल्याकडे तीच बाटली आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायला हवी.

पहिला पेला तिरका धरून कागदावर पाहिला. जांभळा, काठाला गुलाबी. हुंगला, गोल फिरवून पुन्हा हुंगला, मग घोट तोंडात घेऊन त्यातून थोडी हवा ओढली. आणि काय सांगू! पावसाच्या पहिल्या सरीनंतर झाडाखाली पडलेली जांभळे गोळा करून खाल्ली की तोंडात जे होते, ते झाले. आधी गोडसर वास, मग आंबट, मग जिभेच्या कडांना हलकासा तुरटपणा. मी पिकदाणी जवळ ओढली खरी, पण त्याच क्षणी माझा घसा आपल्या आपण हलला. गिळावे, अशी इच्छा झाली. नुसती इच्छा नव्हे, ओढ. ती ओळखीची नव्हती आणि अनोळखीही नव्हती. काकांचा हात मला दिसला, ब्रश धरलेला, आणि नंतरचा, कापणारा. मी थुंकलो. कागदावर लिहिले: जांभूळ, सोळा गुण. अक्षर जरा वाकडे आले.

दुसरा पेला इतका फिकट की मला वाटले, यात पाणी घातले असावे. वास सौम्य, चव सौम्य. अकरा दिले. तिसरा त्याच घराण्यातला, पण अबोल. काही सांगायचे आहे आणि सांगत नाही, अशा विद्यार्थ्यासारखा. बारा. चौथा मात्र भारदस्त: रंग दाट, वासात चक्क ढोबळी मिरची, आणि तोंडात घेतल्याबरोबर हिरडा चघळल्यासारखे झाले. जीभ टाळ्याला चिकटली. पाचव्यात उन्हात पिकलेल्या फळाचा आणि काळ्या मिरीचा वास. आईचा मसाल्याचा डबा उघडावा तसा. तेरा. सहावा पुन्हा फिकट, पण केवढा सुरेख! ओल्या मातीसारखा आणि लाल फळांसारखा वास, रेशमासारखा स्पर्श. मी उदार होऊन पंधरा दिले.

मग गप्पांना परवानगी मिळाली आणि पहिलीच अडचण भाषेची आली. 'तुरट' हा शब्द आपल्याकडे शेंबडे पोरही वापरते. आपल्या आयुर्वेदाने सहा रसांत त्याला मानाने बसवले आहे: मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय. मादामना फ्रेंच शब्द होता, पण तो वैद्याच्या दुकानातला वाटला. भाचीने सांगितले, "मामा, आजचं शास्त्र तुरटपणाला चव म्हणत नाही, स्पर्श म्हणतं. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून तोंड कोरडं आणि खरखरीत लागतं. कडक चहात तेच, कच्च्या केळ्यात तेच." पुढे तिने अशीही माहिती दिली की बहुतेक काळ्या द्राक्षांचासुद्धा रस पांढुरकाच असतो, रंग आणि टॅनिन दोन्ही येतात ते साली रसात भिजत ठेवल्यामुळे. तांबड्या वाइनचे सारे तांबडेपण सालीचे!

'जांभूळ' मात्र कुणालाच भाषांतरता येईना. मादाम उठल्या आणि काळ्या कॅसिसच्या मुरंब्याची बरणी घेऊन आल्या. दिजाँ या फळासाठी प्रसिद्ध आहे. मी चमचाभर चाखले. जांभूळ नव्हे, पण जांभळाचे परदेशी स्थायिक झालेले चुलत भावंड म्हणायला हरकत नाही.

आता निकाल. भाचीने एकेक वर्तमानपत्र सोडायला सुरुवात केली. पहिली वाइन, जिला मी सर्वांत जास्त गुण दिले, ती मोर्गों. बोजोलेचे गामे! ड्यूकांच्या राजधानीत बसून मी त्यांच्या बेइमान झाडाला पहिला नंबर दिला होता. मी ओशाळून मादामकडे पाहिले. त्यांनी आपला कागद पुढे केला. त्यांचेही गुण तिलाच सर्वांत जास्त. "ड्यूक काही घरी नाहीत," त्या म्हणाल्या. तिसरी, अबोल, ती जेव्रे-शांबेर्तां, त्याच दिवशी ज्याच्या बागेतून आम्ही फिरलो ते गाव, आणि सगळ्यांत महाग. अजून पाच वर्षे ठेवायला हवी होती, असे मादाम म्हणाल्या. चौथी बोर्दोची कॅबर्ने. आणि पाचवी? पाचव्या बाटलीवर नाशिकचे नाव होते. शिराज. भाचीने ती उन्हाळ्यात घरून आणली होती, आणि बॅगेत तिच्या शेजारी आजीने स्वतःच्या हाताने बांधून दिलेला मेतकुटाचा डबा होता!

मादामनी तिला बारा दिले होते आणि शेरा लिहिला होता एकच शब्द: ऊन. मला किंचित लागले. परक्या देशात आपल्या गावच्या मुलाला बारा मिळाले की लागतेच. पण शेरा किती अचूक होता! फ्रान्समधली वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडची झोपत नाही, म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी करतात, एप्रिलमध्ये आणि पुन्हा पावसाळा सरताना. फळाची तोडणी जानेवारी ते मार्च, दिवस तापत असताना. ते ऊन पेल्यात उतरते. भाची म्हणाली, "म्हणूनच मला परत जायचं आहे. ते ऊन जरा आवरता येईल का, हे बघायचं आहे."

आणि सहावा पेला? भाचीने सहावी बाटली दाखवलीच नाही, कारण सहावी बाटली नव्हती. दुसरा आणि सहावा पेला एकाच बाटलीतला होता! साधी बरगंडी. एकाच उत्तरपत्रिकेला मी एकदा अकरा दिले आणि तासाभरात पंधरा. वीस वर्षांत तपासलेले सारे गठ्ठे माझ्या डोळ्यांपुढून सरकून गेले. मादामच्या दोन गुणांत फक्त एकाचा फरक होता, पण त्याही गप्प झाल्या. भाचीने सांत्वन केले: बोर्दोला चोपन्न विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन चव नसलेला तांबडा रंग घालून दिली, आणि त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले, तो प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. डोळा नाकाला फसवतो, आधीचा पेला पुढच्याला फसवतो. तुरट कॅबर्नेनंतर आणि मिरीदार शिराजनंतर ती नाजूक बरगंडी मला अप्सरा वाटली. तुलना केल्याशिवाय चव कळत नाही, आणि तुलनाच चवीला चकवते. तेव्हा गुण देताना मनुष्याने नम्र असावे.

रात्री भांडी विसळताना भाची हळूच म्हणाली, "मामा, पहिल्या पेल्याला गिळावंसं वाटलं ना?"

"वाटलं."

"मलाही वाटतं. रोज. म्हणून तर भांडं जवळ ठेवतात." मग म्हणाली, "मी आजीला फसवणार नाही. वाइन म्हणजे औषध नव्हे. तेरा टक्के अल्कोहोल असतं. थुंकलं तरी थोडं तोंडातून शरीरात जातंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे की आरोग्याला बिनधोक असं मद्याचं प्रमाणच नाही. हे सगळं माहीत असूनच मला हे काम करायचं आहे."

मी काकांचा विचार करीत होतो. काका कधी चव घेत नसत. नाक मुरडून, डोळे मिटून ते पेला एका दमात आत लोटीत. औषध घ्यावे तसे. रंगांच्या पंचवीस छटा ओळखणाऱ्या त्या माणसाने आपण काय पितो हे कधी पाहिलेच नाही. पाहिले असते तर ते वाचले असते, असे मी म्हणणार नाही. चव घेता घेता बुडालेलेही पुष्कळ असतील. पण त्या पोरीच्या हातातला पेला आणि काकांच्या हातातला पेला एक नव्हे, एवढे मला सहा पेल्यांनंतर म्हणता येत होते. घुबडापाशी मी तेवढेच मागितले होते: खरे काय ते कळावे, आणि सांगता यावे.

तुळशीच्या लग्नाला मी सांगलीत होतो. लग्न लागले, आईने तुळशीतला एक आवळा उचलून माझ्या हातावर ठेवला. आवळा तोंडात असतानाच मी तिला सारे सांगितले, टॅनिनपासून पिकदाणीपर्यंत. तिच्या फडताळात वैद्यांनी दिलेली द्राक्षासवाची बाटली असते आणि त्यातही द्राक्षे आंबूनच काम झालेले असते, ही गोष्ट माझ्या ओठांवर आली होती. पण शपथ घालणाऱ्या माणसाशी युक्तिवाद करू नये.

आई बराच वेळ वृंदावनाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सगळं थुंकतात?"

"परीक्षा चाललेली असते तोवर सगळं."

"आणि परीक्षा संपल्यावर?"

"संपल्यावर ज्याचं त्याच्यापाशी, आई."

पणतीतली वात तिने पुढे सारली. "भावोजींना कुणी थुंकायला शिकवलं नाही रे," ती म्हणाली. आणि उठता उठता, "तिला म्हणावं, आजीला फोन कर. आणि थुंकताना लाजू नकोस म्हणावं. चार माणसं बघत असली तरी."